चार कोपऱ्यांच्या दाखल्याची मोहीम

॥ श्रीसुईदोरा प्रसन्न ॥

पुढे होणाऱ्या पिढ्यांस ठाऊक असावे, आणि पडद्यापुढे बसोन कपाळास हात लावणाऱ्या रयतेस धीर यावा, म्हणोन ही हकीकत जैशी घडली तैशी लिहोन ठेविली असे. यात पदरचे अक्षर नाही. जे आहे ते हजर असणाऱ्यांच्या तोंडचे आहे, आणि हजर असणाऱ्यांनी आपापली बाजू थोडी उजळ करोन सांगितली असल्यास तो दोष त्यांचा.

तर मजकूर ऐसा, जे सरकारच्या उद्योग-नोंदणी खात्याकडून फर्मान सुटले, की राज्यातील यच्चयावत दुकानदार, कारखानदार आणि हुन्नरी लोकांनी आपल्या नोंदी कागदावरून उठवाव्या, आणि पोर्टल म्हणोन जे नवे ठाणे बसविले आहे तेथे रुजू कराव्या, आणि त्यास मुदत महिनाअखेर सायंकाळी पाचपर्यंत, आणि पाचावर एक मिनिट जाहल्यास नोंद खारिज, नाव खारिज, मग ते नाव जो प्रथम मागेल त्याचे. या फर्मानास ‘सुलभीकरण’ ऐसा किताब दिला होता. सरकार ज्या गोष्टीस सुलभ म्हणते तिजपासून चार हात दूर राहावे हे शहाणपण रयतेस जन्मतःच असते, परंतु या वेळी दूर राहणाऱ्याचेच दुकान जाणार होते, तेव्हा शहाणपण कामाचे राहिले नाही.

महाविद्यालयामागील गल्लीत, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या लगत, पुस्तक-बांधणीचे एक दुकान होते. रुंदी दहा फूट, आत कागद कापण्याचे लोखंडी यंत्र, खळीचे भांडे, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे, आणि भिंतीस लागोन लाल कापडात बांधलेल्या प्रबंधांची चळत. हे प्रबंध महाविद्यालयातून येत, आणि महाविद्यालयाचा कायदा ऐसा की काम नोंदणीकृत दुकानासच द्यावे. सबब नोंद गेली की नाव गेले, नाव गेले की प्रबंध गेले, आणि प्रबंध गेले की चूल गेली. इतके सरळ होते.

या दुकानाची सारी मदार सूनबाईसाहेब, सुई-दोरा-धुरंधर, पुठ्ठा-कापड-निपुण, यांजवर होती. शिवण त्यांची, कापणी त्यांची, गिऱ्हाइकाशी घासाघीस त्यांची. यजमान लांब पल्ल्याची बस हाकीत, ते आठवड्यातून दोनदा घरी येत आणि आले की झोपत. दुकानाच्या दारात मात्र उंच स्टुलावर श्रीमंत मामंजीसाहेब, म्हणजे सूनबाईंचे सासरे, बाजारात ज्यांस थोरले बाइंडर म्हणत, ते विराजमान असत. अकरा वर्षांमागे थोरल्या बाईसाहेब, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई, वारल्या, तेव्हापासून मामंजींनी सुईस हात लाविला नव्हता. परंतु येणाऱ्या प्रत्येकास ते सांगत की हे दुकान आपण या दोन हातांनी उभे केले, आणि आपल्या हातची शिवण आपल्या मागेही उसवणार नाही. सूनबाई चौदा वर्षे हे ऐकत आल्या होत्या. त्या “हो मामंजी” म्हणत आणि पुढचा टाका घालीत.

प्रबंधांचा हंगाम भर जोरात, त्यामुळे फर्मानाकडे पाहण्यास सूनबाईंस सवड जाहली नाही, आणि महिना सरत आला, आणि मुदतीस तीन दिवस उरले तेव्हा त्यांचे डोळे खाडकन उघडले. मग त्यांनी सकाळीच खळीचे भांडे बाजूस सारिले आणि कुमकेस नणंदबाईंस बोलाविले. नणंदबाई दोन गल्ल्यांपलीकडे झेरॉक्सचे दुकान चालवीत. माहेरच्या दुकानावर गंडांतर आले ऐसे कळताच त्या आपल्या दुकानास कुलूप ठोकोन, लॅपटॉप काखेत मारोन, खाशा जातीने दाखल जाहल्या, आणि येताच त्यांनी पंखा आपल्याकडे फिरवून घेतला.

पोर्टलाच्या पहिल्याच वेशीवर पहाऱ्याने अडविले. नऊ चौकटी दाखवोन, यांपैकी पूल कोणकोणत्यांत आहेत ते निवडा, म्हणजे आपण यंत्र नव्हे याची खात्री पटेल, ऐसा सवाल यंत्राने केला. एका चौकटीत पुलाचा नुसता कठडा होता. कठडा म्हणजे पूल की नव्हे, यावरून नणंद-भावजयींत मोठी मसलत जाहली, आणि दोनदा त्या यंत्र ठरल्या, आणि तिसऱ्यांदा माणसांत आल्या.

मग व्यवसायाची यादी उघडली. तीत चारशे बारा धंदे होते. पाणबुड्यांची डागडुजी होती, मधमाश्यांची भाडेपट्ट्याने वाहतूक होती, परंतु पुस्तक-बांधणी नव्हती. अखेर ‘कागद व कागदसदृश वस्तूंवरील इतर प्रक्रिया’ या सदरात दोघींनी तळ दिला. सूनबाईंस ते लागले. थोरल्या बाईसाहेबांनी ज्या कामास बोटांस घट्टे पाडले, ते काम कागदसदृशांच्या गर्दीत उभे राहिलेले त्यांस पाहवेना.

पुढे सहा अंकी परवलीची वेस होती. दुकानाच्या नावावर मामंजींचा फोन लागलेला, त्यामुळे परवली मामंजींकडे उतरली.

“आलंय काहीतरी,” मामंजी स्टुलावरून म्हणाले.

“वाचा ना बाबा, लवकर!” नणंदबाई.

“थांब, चष्मा कुठाय... हां. सात. मग... तीन. मग हा...”

“बाबा, भरभर!”

“अगं आकडे आहेत ते. पळून जाणारेत का?”

आणि आकडे खरोखरच पळोन गेले, काय निमित्त की त्यांस नव्वद सेकंदांचेच आयुष्य होते. ऐसे तीन वेळा जाहले. चौथ्या वेळी नणंदबाईंनी फोनच हिसकावून घेतला आणि वेस फत्ते केली. मामंजी रुसले आणि त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरविले.

येथवर सारे ठीक. मग पोर्टलाने मूळ नोंदणीचा क्रमांक मागितला, तो पावतीपुस्तकावर छापलेलाच होता. दुकानाचे नाव मागितले, ते दिले. आणि मूळ मालकाचे नाव मागितले. सूनबाईंनी मामंजींचे नाव घातले. लाल पट्टी आली, की मालकाचे नाव जुन्या नोंदीशी जुळत नाही. मग नावामागील राव काढिला. लाल. मग राव ठेवोन वडिलांचे नाव काढिले. लाल, आणि वर हुकूम, की तीन प्रयत्न संपले, आता उद्या या. दोघी हवालदिल जाहल्या. मामंजी मात्र स्टुलावरून उतरले आणि हात धुण्यास मागे गेले. ज्या हातांस अकरा वर्षे खळ लागली नव्हती, ते हात त्या दिवशी बराच वेळ धुतले जात होते. सूनबाईंनी ते पाहिले, परंतु त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही.

दुसरे दिवशी सूनबाईंनी एकटीने नोंदणी-दफ्तरावर चाल केली. तेथे सर्व खिडक्या बंद होत्या, आणि ‘सर्व सेवा आता घरबसल्या’ ऐशा फलकाखाली चाळीसेक माणसे रांगेत उभी होती. आत चष्मेवाले कारकून, दुकानाच्या वीस वर्षांच्या परिचयाचे, बसले होते. दफ्तरातील जाडजूड नोंदवह्या आजवर सूनबाईंच्याच दुकानी बांधल्या जात, त्या नात्याने त्यांनी सूनबाईंस बाजूच्या दारातून आत घेतले.

“वहिनी, खरं सांगतो, मलाही नाव दिसत नाही,” कारकून हळूच म्हणाले. “मला फक्त दिवा दिसतो. हिरवा नाहीतर लाल. तुमचा लाल आहे.”

“मग जुनी वही काढून बघा की. आम्हीच बांधलीय ती.”

“वह्या गोदामात गेल्या. गोदामाला सील आहे.”

“सील उघडता येईल ना?”

“येईल. त्याचा अर्ज ऑनलाइन आहे.”

मग कारकुनांनी इकडे तिकडे पाहोन एक चोरवाट सांगितली, की मूळ नोंदणी-दाखल्याचा स्वच्छ फोटो पोर्टलावर चढवावा, तो मजपर्यंत येईल, मग मी माझ्या डोळ्यांनी वाचून दिवा हिरवा करीन. परंतु दाखल्याचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. तीन दिसल्यास यंत्र फोटो दारातच फाडते. सूनबाई आशेने परत फिरल्या, आणि अर्ध्या वाटेत थबकल्या. तो दाखला कोठे आहे हे त्यांस आठवले.

थोरल्या बाईसाहेब गेल्या त्याच महिन्यात मामंजींनी दुकानाचे सारे जुने कागद गोळा करोन एका जाड ग्रंथात शिवले होते. चामड्याची पाठ, दुहेरी टाका, आणि शिवण इतकी आत घेतलेली की पान नीट उघडतच नव्हते. तीच मामंजींच्या हातची शेवटची बांधणी. तिसऱ्या पानावर दाखला होता, त्याचा एक तृतीयांश भाग शिवणीने गिळला होता, आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात मामंजींची भलीथोरली वळणदार सही तेवढी दिसत होती. कोणताही शहाणा बाइंडर समास सोडोन शिवतो. मामंजींसारख्या उस्तादाने समास का सोडिला नाही, हा प्रश्न अकरा वर्षांत कोणीच विचारला नव्हता. उस्तादास विचारावयाचे नसते.

तिसरे दिवशी, म्हणजे अखेरच्या दिवशी, सकाळपासून वेढा पडला. ग्रंथावर काच ठेविली, काचेवर लोखंडी पट्टी ठेविली, पट्टीवर नणंदबाईंनी गुडघा ठेविला, आणि सूनबाईंनी फोटो घेतला. पोर्टल म्हणाले, दोन कोपरे आढळले. मग ग्रंथ उचलोन झेरॉक्सच्या दुकानी नेला आणि यंत्रावर पालथा घातला, तो झाकण बंद होईना, आणि चित्रात अर्धी काळोखी आली. पोर्टल म्हणाले, एक कोपरा आढळला. मग पुनश्च फोटो, मग पुनश्च, आणि एका खेपेस तीन कोपरे आढळले तेव्हा दोघी हर्षभरित जाहल्या, परंतु तिसरा कोपरा हा नणंदबाईंच्या अंगठ्याचा होता ऐसे मागाहून उघडकीस आले. दुपारचे तीन वाजले. आता एकच उपाय उरला, आणि तो तिघांसही ठाऊक होता.

सूनबाईंनी ग्रंथ मामंजींपुढे ठेविला आणि शिवण कापण्याची परवानगी मागितली. मामंजींनी स्टुलावरून हुकूम फर्माविला, की आमच्या शिवणीस सुरी लागणार नाही, दुकान बुडाले तरी बेहत्तर.

“मामंजी,” सूनबाई म्हणाल्या, “चौदा वर्षं मी हो म्हणत आले. आज नाही म्हणते.”

ऐसे म्हणोन त्यांनी सुरी उचलिली आणि ग्रंथ उघडिला. परंतु हात चालेना. दुसऱ्याच्या टाक्यास सुरी लावू नये, हे त्या हातास थोरल्या बाईसाहेबांनी पहिल्या दिवसापासून शिकविलेले होते. राग तर आलाच होता, परंतु रागाहून अधिक त्यांस वाईट वाटत होते, आणि भीती वाटत होती, आणि या तिहींचे मिळोन त्यांच्या डोळ्यांस पाणी आले.

“दुकान बुडालं तर तुम्ही स्टुलावरून उठून खुर्चीत बसाल. मी काय करू? मला दुसरं काय येतं? आईंनी शिकवलं तेवढंच येतं मला.”

शेजारच्या दुकानात कोणत्याशा घड्याळाने साडेतीनचा ठोका दिला. मग मामंजी स्टुलावरून उतरले, आतल्या पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, “आण इकडे.”

मग त्यांनी स्वहस्ते सुरी घेतली, आणि पाठीचे चामडे सोलिले, आणि एकेक टाका कापीत गेले, आणि हात म्हातारा असोन एकाही कागदास ओरखडा उमटला नाही. दाखला मोकळा जाहला. तो त्यांनी पाटावर ठेवोन तळहाताने सपाट केला, आणि आपण मान दुसरीकडे वळविली.

शिवणीने गिळलेला भाग अकरा वर्षांनी उजेडात आला. आतल्या खालच्या कोपऱ्यात एक लहान फोटो डकविला होता. तरुण बाई, मध्ये भांग, समोर रोखोन पाहणारी. त्याखाली ‘मालक’ ऐसे छापलेले, आणि पुढे थोरल्या बाईसाहेबांचे संपूर्ण नाव. आणि मामंजींच्या त्या भल्याथोरल्या सहीच्या अलीकडे, बारीक अक्षरांत, ‘साक्षीदार’.

“ही तर आई आहे,” नणंदबाई म्हणाल्या, आणि पंखा त्यांनी स्वतःच बंद केला.

मग मामंजींनी जबानी दिली ती येणेप्रमाणे: की शिवण त्यांची होती, बाईसाहेबांची, त्या आपल्या वडिलांकडून शिकल्या होत्या, आणि दुकान त्यांनी काढिले, आणि गिऱ्हाईक त्यांनी जोडिले. मामंजी त्या समयी एका छापखान्यात पगारी होते आणि सुटीच्या दिवशी पुठ्ठे कापावयास येत. छापखाना बुडाला तेव्हा ते पुरते दुकानात आले, आणि टाका घालण्यास बाईसाहेबांपाशीच शिकले. मग एके दिवशी कोणी गिऱ्हाईक दारात येऊन पुसते जाहले, की मालक कोठे आहेत, आणि मामंजींच्या तोंडून निघोन गेले, मीच. बाईसाहेब आत सुईत दोरा ओवीत होत्या, त्या हसल्या. दुसऱ्या वेळी हसल्या नाहीत. तिसऱ्या वेळेपासून त्यांनी मान वर करणे सोडिले. आणि त्या गेल्यावर कागद आवरताना दाखला हाती आला, तो फाडवेना आणि दाखववेना, मग शिवणीत घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, परंतु ही मूठ अकरा वर्षे आवळोन त्यांचीच बोटे आखडली होती.

“एकदा जरी ती बोलली असती ना...” मामंजी म्हणाले.

“तिनं कशाला बोलायचं बाबा?” नणंदबाई म्हणाल्या. “तुम्ही बोलायचं होतं.”

घड्याळात चार वाजोन पाच मिनिटे जाहली होती, आणि रडण्यास फुरसत कोणास होती! सूनबाईंनी पदराने डोळे पुसोन फोटो घेतला. चार कोपरे आढळले. सूनबाईंनी थोरल्या बाईसाहेबांचे नाव एकेक अक्षर जपोन घातले. दिवा कारकुनांची वाट न पाहता आपोआप हिरवा जाहला. पोर्टलास बिचाऱ्यास पहिल्यापासून खरे ठाऊक होते. शिव्या मात्र त्याने फुकट खाल्ल्या.

पुढील पानावर यंत्राने पुसिले, मालक हयात आहेत काय. होय, नाही. सूनबाईंचे बोट वरच्यावर थांबले. मामंजी मागे येऊन उभे होते.

“मी दाबतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी बोटाने ‘नाही’ दाबिले, आणि क्षणभर बोट तेथेच राहिले.

मग सध्याच्या मालकाचे नाव घालावयाचे रकाने उघडले. सूनबाई मामंजींचे नाव घालू लागल्या, तो मामंजींनी अडविले.

“तुझं लिही.”

“मामंजी, लोक काय...”

“माझं खाली लिही. साक्षीदारात.”

मग वारसांची संमती हवी, म्हणजे मामंजींची, लेकीची आणि लेकाची, ज्याच्या त्याच्या फोनवर परवली जाऊन. नणंदबाईंची तत्काळ जाहली. यजमान बस घेऊन कोणत्याशा थांब्यावर उभे होते, ते “हो हो, तिचंच टाका, त्यात काय विचारायचं,” म्हणोन सहा आकडे सांगते जाहले. उरली मामंजींची. चार वाजोन अठ्ठेचाळीस मिनिटे. फोन वाजला, चष्मा आधीच नाकावर होता, आणि मामंजींनी सहा आकडे एका दमात, तोफेच्या सलामीसारखे, मोठ्याने वाचिले. चार त्रेपन्नला अर्ज दाखल. पडद्यावर चक्र फिरू लागले, आणि फिरत राहिले, आणि चार अठ्ठावन्नला पोच आली.

दफ्तराच्या रिवाजाप्रमाणे फत्तेची तारीख हीच धरावी. परंतु पुढील मजकूर ऐकोन मग ठरवावे.

दुसरे दिवशी सकाळी दुकान उघडले. मामंजी आले ते स्टुलाकडे गेले नाहीत. स्टूल त्यांनी आत आणिले, त्यावर दोऱ्याची रिळे रचिली, आणि आपण पाटावर बसोन एका प्रबंधाचे फॉर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, जुळवू लागले. सूनबाईंनी पाहिले आणि खळीचे भांडे त्यांच्या हाताशी सरकविले. सव्वादहाच्या सुमारास महाविद्यालयाचे एक नवे प्राध्यापक बगलेत कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले. समोर टेबलापाशी सूनबाई होत्या. प्राध्यापकांनी त्यांच्या खांद्यावरून आत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांकडे पाहिले आणि आदराने विचारिले, “नमस्कार. मालक आपणच का?”

मामंजी सुईत दोरा ओवीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तुमच्यासमोर उभ्या आहेत त्या,” ते म्हणाले. “मी कामाला आहे इथं.”

सूनबाईंनी गठ्ठा हाती घेतला, पाने मोजिली, कापड कोणत्या रंगाचे हवे ते पुसिले आणि तीन दिवसांचा वायदा केला.

सबब फत्ते जाहली ती पोच आली त्या सायंकाळी चार अठ्ठावन्नला नव्हे, तर दुसरे दिवशी सकाळी सव्वादहा वाजता जाहली, ऐसे पुरत्या चौकशीअंती येथे नमूद करोन, ही मोहीम इतमामाने दफ्तरी दाखल केली असे.